चौथी पायरी

२ जून

टिकटिकराव यांना कासवाचा नमस्कार.

पत्राची सुरुवात अशीच करतात ना? शाळेत पत्रलेखनाला मला पाचपैकी चार मिळायचे. पण मला सगळ्यातच चार मिळायचे, एकदा तर अर्धवट सोडलेल्या पानालासुद्धा. त्यामुळे मला खरंच काय येतं ते कळायला मार्ग नाही.

विसरला असशील म्हणून ओळख देते. हॉस्पिटलात इकोच्या रांगेत तुझ्या शेजारी बसून जी म्हणाली, "तुझं घड्याळ फार मोठ्याने चालतं," ती मी. त्यावर तू दोन्ही रिकामी मनगटं वर करून दाखवलीस आणि मग छातीवर बोट ठेवलंस. हृदयात धातूची झडप बसवतात आणि ती वाजते, हे मला तोवर माहीत नव्हतं. जन्मापासून हृदयाची पेशंट असून! माझं दोनदा शिवलंय, पण माझं काही वाजत नाही. जिन्यात थांबत थांबत चढते म्हणून वॉर्डातल्या मावशींनी माझं कासव केलं, एवढंच.

तर आपण दोघंही आता टॅबवरच्या त्या खेळात आहोत. हॉस्पिटलच्या फोनवाल्या ताईंनी बजावलंय की दुसऱ्या मुलांशी फोनवर, मेसेजवर खेळाबद्दल बोलायचं नाही. पत्राचं नाव त्यांनी काढलेलं नाही. तेव्हा आपण काहीही चूक करत नाही.

तुझ्या टॅबवर पण तेच आहे का? चौकोन एकामागून एक उजळतात, ते लक्षात ठेवायचे आणि उलट्या क्रमाने बोट लावायचं. कोपऱ्यात एक बारकासा जिना आहे आणि त्याच्या चौथ्या पायरीवर एक माणूस उभा आहे. लहानपणी ऑपरेशन झालेल्या मुलांची आठवण जरा मागे राहते म्हणे, तिला व्यायाम म्हणून हे सात आठवडे. माझी मागे राहिलीच आहे. आईने तीन वस्तू आणायला सांगितल्या की मी एकच आणते, आणि तीही न सांगितलेली.

हे सगळं मला कशाला हवंय ते सांगते, हसू नकोस. मला घड्याळदुरुस्ती शिकायची आहे. एक वर्षाचा कोर्स आहे, दुसऱ्या शहरात, हॉस्टेलवर राहून. बसून करायचं काम, त्यामुळे डॉक्टरांची ना नाही. पण घड्याळाचे पुर्जे ज्या क्रमाने काढले त्याच्या उलट्या क्रमाने परत बसवावे लागतात, म्हणजे अगदी आपला खेळच. बाबा म्हणाले, "तो माणूस जिना चढू दे, मग सही करतो." अर्ज १२ जुलैपर्यंत पोचायला हवा. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. जगात जिना नावाची वस्तू असावी हेच त्यांना मान्य नाही, आणि आता रोज संध्याकाळी टॅबवरचा जिना बघायला येतात.

इथे दिवसभर बोलायला कोणी नसतं. उत्तर दे.

कासव


९ जून

कासवबाई,

तुझं पत्र दादाच्या लॉन्ड्रीत आलं आणि वहिनीने ते गिऱ्हाईकाचा कागद समजून शर्टाला टाचलं. शर्ट गेला असता तर मीही गेलो असतो. वाचलो.

मी विसरलो नव्हतो. माझा आवाज ऐकून लोक लांब सरकतात. तू जवळ सरकलीस आणि कान दिलास. एवढं कोण विसरतं? (एरवी मी सगळं विसरतो. काल दोन नंबरच्या बाईंची साडी चार नंबरच्या काकांना दिली. काका घेऊन गेलेसुद्धा.)

खेळ तोच. आणि अगं, माझा माणूस सहाव्या पायरीवर पोचला! बरोबर येत गेलं की तो आपोआप चढतो आणि चौकोन वाढत जातात. घाम फुटतो. चुकलं की टॅब असा काही घोगरा आवाज काढतो की वहिनी आतून ओरडते, "कोणाचं पोट बिघडलंय?" तुझा कुठवर आला? तू तर सातवर असशील, तुझ्यात चिकाटी आहे.

कॉलेजातलं विशेष काही नाही. परीक्षेत वर्ग शांत झाला की माझी झडप ऐकू येते आणि मागून कोणीतरी म्हणतं, "बॉम्ब, बॉम्ब." मीही हसतो. आता मी शेवटच्या बाकावर पंख्याखाली बसतो, पंखा खडखडतो तो. छान जागा आहे.

घड्याळवाली हो. माझी तपासणी फुकट करायची, हे आत्ताच ठरलं.

टिकटिक


१५ जून

प्रिय टिकटिक,

माझा चौथ्याच पायरीवर आहे.

मला वाटलं होतं अजून वेळ आहे, हळूहळू चढेल. पण तू सहावर गेलास हे वाचलं आणि लगेच टॅब उघडून बघितला. मी चुकत नाही रे. चार चौकोन उजळतात, मी चार सांगते, बरोबरची खूण येते, पुन्हा चार. तो घोगरा आवाज मी अजून ऐकलेलाच नाही. मग तो माणूस का चढत नाही? मी विचार करून करून एकाच गोष्टीवर आले आहे. मी बोट लावायला वेळ घेते. यंत्राला कळलं असणार की हिला एवढंच झेपेल.

ताईंना विचारलं नाही. त्या शनिवारी फोन करतात आणि इतक्या गोड बोलतात की विचारायची लाज वाटते. "छान चाललंय, असंच चालू ठेव" म्हणतात. मला माहीत आहे तो आवाज. शाळेत खेळाच्या तासाला बाई मला झाडाखाली बसवून, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायला देऊन त्याच आवाजात म्हणायच्या, "असू दे हं, तुझंही महत्त्वाचंच काम आहे." गणितात तीन पायऱ्या गाळल्या तरी "असू दे". अभ्यास नाही केला तरी "असू दे". माझ्या वर्गातल्या मुली रागावून घेऊन, रडून, एकमेकींच्या वह्या उतरवून मैत्रिणी झाल्या. माझ्यावर कोणी रागावलंच नाही, त्यामुळे मी कोणाचीच झाले नाही.

बाबा रोज जिना बघतात आणि टॅब खाली ठेवतात. आई म्हणते, "असू दे, घरी काय कमी आहे?"

तू आता कुठे आहेस? खरं सांग.

कासव


२० जून

कासवबाई,

तुला सांगणार नव्हतो, पण तू विचारलंस म्हणून सांगतो. माझी विमान उतरल्यासारखी गत झाली आहे. मध्ये दोन दिवस सर्दीने डोकं जड होतं, धडाधड चुका झाल्या, आणि माझा माणूस सहावरून घसरत घसरत चारावर येऊन बसला. तिथून हलायचं नाव नाही. दादा म्हणतो, यंत्रच भंगार आहे.

तेव्हा तू एकटी नाहीस. तुझा आणि माझा, दोघे एकाच पायरीवर बसलेत, शेंगा खात बसले असतील. आकड्यात काही नसतं गं. आणि ताई खरोखरच गोड आहेत, उगाच संशय घेऊ नकोस.

वहिनीने मला आता कपडे द्यायला बंदी केली आहे. फक्त घ्यायचे.

टिकटिक


२६ जून

प्रिय टिकटिक,

तू घसरलास हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतका आनंद झाला की मी पत्र दोनदा वाचलं. मी दुष्ट आहे. पण खरं सांगते, जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पायरीवर येऊन बसलंय. नाहीतर लोक वरून हात देतात.

मी बाबांना सांगितलं, "माझ्यासारखाच एक मुलगा आहे, हुशार आहे, तोही चारावरच आहे." बाबा म्हणाले, "मग यंत्राचाच दोष असेल. अर्ज आण, बघू." अर्ज मी भरलाय. फक्त त्यांची सही राहिली आहे.

आणि ऐक, मी आईचं जुनं गजराचं घड्याळ उघडलं! बंद पडलेलं होतं. एकेक पुर्जा काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडला, पहिला डावीकडे, शेवटचा उजवीकडे, म्हणजे परत येताना वाट सापडावी. हात धुवायला गेले तेवढ्यात आईने सगळं गोळा करून डब्यात भरून ठेवलं. म्हणे, "तुला पसारा आवरायचा त्रास नको म्हणून." मी हात पुसून डबा घेतला. ती इतक्या प्रेमाने डबा धरून उभी होती.

डबा कपाटात आहे. कधीतरी लागेल.

तू चारावरच राहा हं अजून थोडे दिवस. गंमत केली. (नाही केली.)

कासव


१ जुलै

कासवबाई,

घाईत लिहितोय, दुकानात गर्दी आहे. डबा फेकू नकोस. वहिनी म्हणते, घड्याळं तिच्याकडेही दोन पडून आहेत, हवी तर पार्सल करते.

आज काय झालं माहीत आहे का? नवव्या पायरीनंतर ते चौकोन फिरायलाच लागले! आधी उजळतात, मग सगळा पट गरगर फिरतो, मग म्हणे आता उलटं सांगा. मी खुर्चीतून पडायचा राहिलो. ताई म्हणाल्या, या टप्प्याला फार थोडी मुलं येतात. दादाने आख्ख्या दुकानाला सांगितलं, आणि चार नंबरचे काका साडी परत करायला आले होते त्यांनाही सांगितलं.

तुझ्या बाबांनी सही केली का? १२ तारीख आली जवळ.

टिकटिक


५ जुलै

तुझ्या पत्रात नववी पायरी आहे.

आधी वाटलं मीच चुकीचं वाचलं, म्हणून तुझं २० जूनचं पत्र काढून शेजारी ठेवलं. नवव्या पायरीला पोचलेला मुलगा, आणि आपण दहा दिवसांपूर्वी काय खोटं लिहिलं ते त्याला आठवत नाही. दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर मी पोट धरून हसले असते.

खोटं बोललास म्हणून नाही रागावले. आई रोज बोलते, डॉक्टर बोलतात. पण मला वाटलं होतं, हा एक माझ्याशी सरळ बोलतो. तू म्हणालास "बॉम्ब", मी म्हणाले "झाडाखाली पिशव्या". मी तुला सगळं खरं दिलं, आणि तूही शेवटी मला "असू दे" म्हणालास. फक्त तुझं "असू दे" जास्त हुशार होतं.

टॅब बंद करून ठेवला आहे. ताईंना सांगितलं, मला पुढे खेळायचं नाही. त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही." बाबांनी पेन हातात घेतलं होतं, मी अर्ज काढून घेतला. म्हटलं, तो मुलगा चारावर नाहीये. मी एकटीच आहे. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं, लगेच त्यांनी ते पुसलं, पण मी बघितलं.

उत्तर पाठवू नकोस.


९ जुलै

कासवबाई,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवतोय. शिव्या द्यायच्या तर दे, पण १२ तारखेच्या आत अर्ज टाक. माझ्यावरचा राग अर्जावर काढू नकोस.

मी खोटं का लिहिलं ते सांगतो. तुझं १५ तारखेचं पत्र वाचलं आणि घाबरलो. वाटलं, मी वर चढत गेलो तर ही मला पत्र लिहायची बंद होईल. पंखा, शेवटचा बाक, छान जागा वगैरे जे लिहिलं ते सगळं वरवरचं होतं. मी कॉलेजात कोणाशी बोलतच नाही. डबा दुकानाच्या मागे, इस्त्रीच्या टेबलाखाली बसून खातो. तिथे वाफेचा आवाज असतो. तुझी पत्रं तिथेच वाचतो.

म्हणजे तुझ्यासाठी नाही, मी माझ्यासाठीच खोटं बोललो. हे त्याहून वाईट आहे, पण खरं आहे.

अर्ज टाक.

टिकटिक


२३ जुलै

कासवबाई,

तुझं उत्तर नाही. येणार नाही हे धरूनच लिहितोय, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग हवं तर बंबात घाल.

काल माझा खेळ संपला आणि ताईंनी शेवटचं बोलणं केलं. त्यांनी सांगितलं की खेळ दोन प्रकारचे होते. अर्ध्या मुलांचा खेळ बरोबर उत्तरांबरोबर अवघड होत जात होता. उरलेल्या अर्ध्यांचा मुद्दाम एकाच जागी ठेवला होता, कितीही बरोबर आलं तरी. दोन्ही गटांची तुलना करून बघायचं होतं की अवघड होण्याने खरंच फरक पडतो का. कोणाला कुठला खेळ येणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं, आणि ते कोणाला सांगायचं नव्हतं. म्हणूनच आपण एकमेकांशी बोलायचं नव्हतं. सुरुवातीच्या कागदावर हे सगळं लिहिलं होतं म्हणे. आपण दोघांनी आणि आपल्या घरच्यांनी इकोच्या रांगेत उभ्या उभ्या सह्या केल्या. कोणी वाचलं?

मी विचारलं, "मग चारावरच राहिलेली मुलगी?" ताई म्हणाल्या, दुसऱ्या कोणाबद्दल त्यांना बोलता येत नाही. पण ज्याचं त्याने विचारलं तर सांगेन म्हणाल्या.

तू चुकतच नव्हतीस. तो माणूस चढत नव्हता कारण त्याला चढायला पायरीच ठेवली नव्हती. यंत्राला तुझ्याबद्दल काहीही कळलेलं नव्हतं, ना हुशार, ना ढ. ताईंना तू स्वतः फोन कर, तुला त्या सांगतील.

आणि माझं म्हणशील, तर शेवटच्या परीक्षेत मला चौकोन भराभर आठवले. घरी आलो तर दादाने सांगितलेला साबण विसरून आलो होतो. ताईंना हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, खेळातली आठवण बाजारात उपयोगी पडते का, हेच तर अजून कोणाला ठाऊक नाही.

१२ तारीख गेली, मला माहीत आहे. ते मी परत आणू शकत नाही. माफ कर.

टिकटिक


१४ ऑगस्ट

टिकटिक,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते वाचून घडी घालून ठेवलं. मग ताईंना फोन केला. तू म्हणालास तसंच निघालं. त्यांनी माफी मागितली, गोड आवाजात नाही, साध्या आवाजात. म्हणाल्या, हवं असेल तर आता चढता खेळ तुझ्याही टॅबवर सुरू करून देते.

मी बाबांना आणि आईला समोर बसवून सांगितलं. आई रडली. बाबा म्हणाले, "खरं सांगू? तू अर्ज मागे घेतलास तेव्हा मला बरं वाटलं होतं." मी म्हटलं, "माहीत आहे." एवढं खरं आमच्या घरात कधी बोललं गेलं नव्हतं. त्यानंतर कोणालाच जेवण गेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी बाबांना घेऊन त्या कोर्सच्या शहरात गेले. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट होती, चालू होती, बाबांनी दार उघडून धरलं होतं. मी जिन्याने गेले. दोनदा थांबले. बाबा पिशवी घेऊन मागून पुटपुटत आले, त्यांनाच जास्त धाप लागली.

तिथले मास्तर म्हातारे आहेत, डोळ्याला भिंग लावून बसतात. म्हणाले, प्रवेश संपले, आता पुढच्या जूनला. बाबांनी सुरू केलं, "अहो, हिला लहानपणापासून जरा..." मी त्यांची बाही ओढली. मास्तरांनी भिंगातून माझ्याकडे बघितलं, खणातून गजराचं एक घड्याळ काढून समोर ठेवलं आणि म्हणाले, "उघड. परत बसव." मी उघडलं. पुर्जे ओळीने मांडले. बाबा शेजारी होते, पण त्यांनी हात पाठीमागे बांधून ठेवले होते. मी परत बसवायला घेतलं आणि शेवटी एक चाक हातात उरलं. मास्तरांनी घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, "नाही जमलं."

मी वाट बघत होते. पुढे "असू दे" येईल म्हणून. ते आलंच नाही. त्यांनी घड्याळ माझ्याकडून काढून घेतलं आणि म्हणाले, "आठव्या पुर्ज्याला घाई केलीस. वर्षभर हात बसव, मग ये. आलीस तरी घेईनच असं नाही." टिकटिक, माझ्या आयुष्यात मला कोणी नापास केलेलं नाही. मी जिना उतरताना रडत होते, आणि बाबा सारखे विचारत होते दुखतंय का. मला त्यांना सांगताच येईना की मी आनंदाने रडतेय.

तर माझं एक वर्ष गेलं. ते तुझ्यामुळे गेलं, थोडं माझ्यामुळेही, आणि तुझ्यावरचा राग अजून आहे. तो मी घालवूनही देणार नाही एवढ्यात. तू मला खोट्या पायरीवर सोबत दिलीस. सोबत तर खरी होती, तेच मला सुचू देत नाही. त्या दिवसांत मला एकटं वाटलं नव्हतं, आणि आता घरात पुन्हा तशीच शांतता आहे. घड्याळाच्या डब्यातले पुर्जे मी रोज टेबलावर मांडते. आई दारातून बघते, हात लावत नाही. तिला ते जड जातं.

इस्त्रीच्या टेबलाखाली जेवू नकोस. हे मी दया म्हणून लिहीत नाही. बाहेर बसून जेव, लोकांना आवाज ऐकू दे, हसतील तर हसतील. जमलं नाही तर जमलं नाही असं लिही. वहिनींना सांग, ती दोन घड्याळं पाठवा.

नवा खेळ काल सुरू केला. चार, पाच, सहा. माणूस खरोखरच चढतो रे. मग सातव्या पायरीवर चुकले आणि तो घोगरा आवाज आला. मी दचकले. आई आतून धावत आली, मला बघून दारातच थांबली आणि म्हणायला तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं.

मी सातव्या पायरीवर पडले आहे. मला बरं वाटावं म्हणून काहीही लिहू नकोस. तू सातवी कशी पार केलीस, किती वेळा पडलास, ते खरं खरं लिही.

कासव